बर्फात काच दिसत नाही

हॉटेलात सगळे त्यांना टिचकीमामा म्हणायचे. अगदी मॅनेजरसुद्धा, आणि तो काही कुणाला टोपणनावाने हाक मारणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या शर्टाला इस्त्री असायचीच, पण चेहऱ्यालाही असायची, म्हणून त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला इस्त्रीसाहेब म्हणायचो. मामांचं काम एकच, बारमधले ग्लास. कोणत्या कॉकटेलला कोणता ग्लास ते ठरवायचं, तो धुऊन, पुसून, थंड करून माझ्या हाताशी लावून ठेवायचा. पेयं मी बनवायचे, त्यामुळे कौतुक माझं व्हायचं. ग्लास स्वच्छ असतो तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

ग्लास पुसायला वेगळा माणूस कशाला लागतो, असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. कामावरच्या पहिल्या दिवशी मीच ते म्हटलं होतं. मामांनी ते ऐकलं आणि ते ग्लास पुसत राहिले. तासाभराने मी धुण्याच्या यंत्रातून नुकता निघालेला ग्लास उचलला, त्यात बर्फ ओतला आणि ग्लास हातातच उभा तडकला. मामांनी आधी माझा हात उलटसुलट करून पाहिला, कुठे कापलं नाही ना ते बघितलं, आणि मग विचारलं, "उन्हातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलंस तर तो काय करेल?"

"शिव्या देईल."

"ग्लासाला शिव्या देता येत नाहीत, पोरी. तो फुटतो."

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली शिकत गेले. बर्फाशिवाय द्यायचं पेय लांब दांडीच्या ग्लासात द्यायचं, म्हणजे हाताची ऊब त्याला लागत नाही. बर्फात ठेचून करायचं ते जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात, कारण त्याला मार सोसायचा असतो. फसफसणारं उंच आणि अरुंद ग्लासात, नाहीतर बुडबुडे दोन मिनिटांत पळून जातात. ग्लास ताटांबरोबर कधी धुवायचा नाही, तेलाचा एक थेंब फेस मारतो. कपड्यावर पालथा घालायचा नाही, आत कपड्याचा वास कोंडतो. वाफेवर धरायचा, मग सुती फडक्याने पुसायचा, आणि पुसताना पेला एका हातात, बूड दुसऱ्या हातात धरून पिळायचं नाही, दांडी मोडते आणि तळहातात शिरते. त्यांच्या डाव्या तळहातावर तशी एक पांढरी रेघ होती. ती दाखवून ते म्हणायचे, "हे माझं प्रमाणपत्र."

सगळ्यात शेवटी टिचकी. पुसून झालेला प्रत्येक ग्लास ते उजेडाकडे धरायचे, नाक आत घालून वास घ्यायचे आणि काठावर नखाने टिचकी मारायचे. चांगला ग्लास लांब वाजतो. तडा गेलेला नुसता टक् करतो आणि गप्प बसतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो की न दिसो. दुपारी तीन ते पाच बारमध्ये गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा दीड-दोनशे टिचक्या चालायच्या, आणि मी लिंबं कापता कापता ऐकत बसायचे. सबंध दिवसातले तेवढे दोन तास मला बरे वाटायचे.

आणखी एक नियम होता. बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला, नुसता टवका उडाला, नुसती शंका आली, तरी पेटीतला सगळा बर्फ उकळतं पाणी ओतून वितळवायचा, पेटी कोरडी पुसायची, नवा बर्फ भरायचा. पाव तास जातो, कधी वीस मिनिटं. एकदा साठ माणसांची पार्टी आत आलेली असताना मामांना काहीतरी किणकिणल्यासारखं वाटलं आणि त्यांनी सरळ किटली उचलून पेटीत रिकामी केली. इस्त्रीसाहेबाच्या चेहऱ्याची इस्त्री पहिल्यांदा मोडलेली मी तेव्हा बघितली. "अहो मामा, लोक उभे आहेत तिकडे!"

"उभे राहू देत," मामा म्हणाले. "बर्फात काच दिसत नाही, साहेब."

पेटीच्या तळाशी काही सापडलं नाही. तरी मामा खूश होते. नाही सापडलं म्हणून ते खूश होते, हे त्या मॅनेजरला कधीच कळलं नाही.

मामांना ऐकू येत नाही हे मला कसं कळलं, तर माझ्या हातून स्टीलचा मोठा शेकर त्यांच्या मागे फरशीवर पडला. दाराशी बसलेला पहारेकरी दचकून आत आला. मामा पाठमोरे पुसत राहिले. बारमध्ये येण्याआधी बारा वर्षं त्यांनी तळघरात भांडी धुण्याच्या यंत्रांशेजारी काढली होती, तिथे दोन माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलतात. कान तिथेच बिघडायला लागले असणार, आणि उरलेसुरले बारमध्ये आल्यावर हळूहळू गेले असणार. मला मात्र खात्री करून घ्यायची होती, आणि त्यासाठी मी जे केलं त्याची मला लाज वाटते. फेकायच्या पेटीतला तडा गेलेला एक ग्लास मी त्यांच्यापुढच्या चाळीसेक ग्लासांत सरकवला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला, टिचकी मारली. टक्. आणि चांगल्यांच्या रांगेत ठेवून दिला.

मामांना निवृत्तीला दीड वर्ष होतं. ते आणि मामी हॉटेलच्या मागच्या इमारतीत, नोकरांच्या एका खोलीत राहायचे. नोकरी गेली की खोली जाणार, आणि ग्लासावरच्या माणसाला ऐकू येत नाही हे कळलं की नोकरी त्याच दिवशी जाणार. मामीचे गुडघे धरलेले, मूलबाळ नाही. कुठे जाणार होते?

मी तो ग्लास उचलून फेकायच्या पेटीत परत टाकला. मामा बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्यांनी आपलं स्टूल फिरवून माझ्यासमोर मांडलं. टिचकी मारली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली. पुढचा ग्लास. पुन्हा माझ्या तोंडाकडे. असं आम्ही चौदा महिने काम केलं. वाजला की मी होकारार्थी मान हलवायचे, नाही वाजला की भुवई उडवायचे. बोलायचं झालं तर तोंड समोर धरून सावकाश बोलायचे, ते ओठ वाचायला शिकले होते. या सगळ्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षरही बोललो नाही. मी स्वतःला फार मोठ्या मनाची समजत होते, हेही सांगून टाकते.

निवृत्तीला चार महिने उरले होते. संध्याकाळचे साडेसहा, बार अर्धा भरलेला. खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई आपल्या भावाबरोबर बसली होती. तिला कसलीशी बढती मिळाली होती, भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होता आणि ती त्याला गप्प बस म्हणून खुणावत होती. तिने पुदिना-लिंबाचं पेय मागवलं, ठेचलेल्या बर्फातलं. माझ्यापुढे आधीच दोन ऑर्डरी होत्या, ही तिसरी. मामा फ्रिजमधून थंड केलेल्या ग्लासांचा ट्रे काढून बर्फाच्या पेटीवरच्या फळीवर ठेवत होते.

टिक् असा आवाज झाला. अगदी बारीक.

मी वर बघितलं. मामांचे हात थांबले नव्हते. ते ट्रे सरळ करत होते. ग्लासाच्या बाबतीत या माणसाच्या वर कुणी नाही, काही झालं असतं तर त्यांनी किटली उचलली असती, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. चौदा महिने ज्या माणसाचे कान मी होते, त्याच माणसाने ऐकलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं मी धरून चालले. मी खाली बघितलं आणि पेटीतून बर्फाचा चमचा भरला.

ती बाई दुसऱ्या घोटाला थांबली. आधी तिने घशाशी हात नेला, जणू बर्फ अडकलाय. मग खोकली, आणि हातातल्या पांढऱ्या रुमालावर जे दिसलं ते बघून तिचा भाऊ उठून उभा राहिला. रुग्णवाहिका येईपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून होती. गिळू नका, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ती ते अगदी शहाण्या मुलीसारखं पाळत होती. मी बारच्या मागे उभी होते. मला पुढे जाता आलं असतं.

ट्रेमधल्या तिसऱ्या ग्लासाच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला होता. पेटीत उकळतं पाणी मामांनीच ओतलं. तळाशी दोन बारीक कपच्या निघाल्या. तिसरी नव्हती.

चौकशी तिसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्रीसाहेबाच्या खोलीत. मला आधी विचारलं. "ग्लास आपटल्याचा आवाज आला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

एवढा छोटा शब्द. मी आधीपासून ठरवून गेले नव्हते, तोंडातून निघून गेला. मग मामांना विचारलं. मॅनेजर खाली कागदावर बघत बोलत होता, त्याचे ओठ मामांना दिसत नव्हते. मामा गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मामा गप्प. त्याने मान वर करून मामांकडे बघितलं, मग हातातलं पेन टेबलावर जोरात आपटलं, मामांच्या पाठीमागे फिरून एकदा टाळी वाजवली. मामांच्या डोळ्याची पापणी हलली नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो आपल्या खुर्चीत येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अरे देवा."

मामांनी कागदावर लिहून दिलं, चूक माझी आहे. खाली सही. खोली रिकामी करायला पंधरा दिवस दिले. ग्लासांचं काम माझ्याकडे आलं, पेयांचं होतंच. त्या बाईवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. ती जगली, पण अन्ननलिकेत व्रण राहिला, घास उतरत नाही, सगळं पातळ करून चमच्याने घ्यावं लागतं. हे मला हॉटेलच्या वकिलाकडून कळलं. मी विचारायला गेले नव्हते.

मामांकडे मी सात महिन्यांनी गेले. आधी वेळ मिळाला नाही, असं मी मामीला दारातच सांगितलं. मामी म्हणाली, "हो गं, कामाचं माणूस तू." तिने ते टोमण्याने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. टायरच्या दुकानामागे एक खोली, तिच्यात एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीत वाळत घातलेलं सुती फडकं. मामांनी मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. घरात काचेचं एकही भांडं नव्हतं.

"आमच्याकडे काच नाही," मामी म्हणाली. "हे हातच लावू देत नाहीत."

मामा माझ्यासमोर बसले, त्यांच्या सवयीने, तोंड दिसेल असे. मी चहाचा पेला खाली ठेवला. सात महिने जे तोंडाशी येत होतं ते सावकाश, ओठ हलवून म्हणाले, "मामा, मला आवाज आला होता."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांनी चुकीचं वाचलं. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अगं, ट्रे ठेवताना हाताला काहीतरी लागल्यासारखं झालं. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. नेहमी बघतो तसं. तू वर बघितलंस, म्हणजे काहीतरी वाजलं असणार. ट्रे सरळ करता करता मी वाट बघत होतो, तू काय सांगतेस म्हणून. तू मान खाली घातलीस आणि चमचा उचललास. म्हटलं, काही नसेल."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं होतं. तोंडाकडे नाही. इतक्या महिन्यांत त्या एका क्षणी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मला रडू कोसळलं, आणि मला स्वतःचाच संताप आला, कारण रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगून काय, तिचा घसा बरा झाला असता? तुझंही काम गेलं असतं. एकाचं गेलं तेवढं पुरे." मग ते म्हणाले, "पण तू आलीस ते बरं झालं. माझं एक काम कर. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आलो, माफी मागायला. दोन्ही वेळा तिचा भाऊ दारात येऊन बराच वेळ बोलला. तोंड वाकडं करून बोलतो, मला ओठ वाचता येईनात. ती मागे उभी होती, तीही काहीतरी म्हणाली. काय म्हणाले ते मला कळलंच नाही. मामीला नेलं असतं, पण तिला जिने चढवत नाहीत. तू चल. ते काय म्हणतात तेवढं मला सांग."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ते ओठांकडेच बघत होते. मी हो म्हणाले.

रविवारी सकाळी गेलो. तिसरा मजला, जिन्यात रंगाचा वास. मामांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि केस पाण्याने बसवले होते. दार भावाने उघडलं. मामांना बघून तो बोलायला लागला, आणि तो खरंच तोंड वाकडं करून बोलत होता. मामा माझ्याकडे वळले.

"तिसऱ्यांदा आलात म्हणतायत," मी सांगितलं. "दोनदा सांगितलं, येऊ नका म्हणून. बहिणीला त्रास होतो म्हणतायत, तुम्हाला बघितलं की त्या दिवसभर काही खात नाहीत."

मामांनी मान हलवली, प्रत्येक वाक्याला एकदा, ग्लास वाजल्यावर मी हलवायचे तशी. मग ती बाई आतून आली. ती इतकी बारीक झाली होती की मी तिला रस्त्यात ओळखलं नसतं. तिच्या हातात वाटी होती, आत काहीतरी पातळ. तिने मामांना ओळखलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी बारच्या मागे होते, आणि पेय देणाऱ्याचा चेहरा कुणी बघत नाही.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

मामांना सांगायला म्हणून मी वळलेच होते. पण हा प्रश्न त्यांच्यासाठी नव्हता.

"तुमचं पेय मी केलं होतं," मी म्हणाले. "ग्लास आपटल्याचा आवाज मला आला होता. यांना ऐकू येत नाही. मला आला होता. चौकशीत मी नाही म्हणून सांगितलं."

भाऊ एकदम पुढे आला. तिने वाटीवरचा हात काढून त्याच्या दंडावर ठेवला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, रागाने म्हणता येणार नाही, एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असावी तशी. मग तिच्या त्या घोगऱ्या, अर्ध्या आवाजात तिने एकच विचारलं.

मामांनी माझी बाही ओढली. "काय म्हणाल्या?"

मी त्यांच्याकडे तोंड केलं. "आवाज आल्यावर मी का थांबले नाही, असं विचारतायत."

मामा माझ्या ओठांकडे बघत होते. तीही बघत होती. त्या दोघांनाही ते माहीत नव्हतं, आणि दोघांनाही हवं होतं.

"मग सांग ना त्यांना," मामा म्हणाले.

"तीन ऑर्डरी होत्या," मी म्हणाले.